टाइमप्लीज की भिडू?

मागच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये पहिल्या वर्षाच्या एका मुलाने मला गाठलं. सुट्टीभर मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून त्याने तीस हजार रुपये जमवले होते. म्हणाला, "दादा, गेम खेळायला हातातलं मशीन घेऊ की टीव्हीला जोडायचं? तुम्ही दोन्ही वापरलंय म्हणून विचारतोय." चहाचा ग्लास रिकामा झाला तरी मला त्याला सरळ उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगतो," म्हणून मी सुटका करून घेतली आणि रात्रभर त्या प्रश्नाचाच विचार केला. हा लेख म्हणजे तो विचार.

साहित्य मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं काही जणांना वाटेल. संपादक मॅडमही आधी हसल्या. पण तीस हजार म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी थट्टेची रक्कम नाही. एवढे पैसे घालण्याआधी आपल्या भाषेत, आपल्या घराकडे बघून विचार केला तर बिघडलं कुठे? यूट्यूबवर याविषयी ढीगभर व्हिडिओ आहेत. त्यात फोर-के असतं, फ्रेम्स असतात, कुठल्या मशीनची ताकद किती याचे तक्ते असतात. फक्त एक गोष्ट नसते. घरात टीव्ही एकच आहे आणि सात ते नऊ तो आज्जीचा आहे, हे त्यांतल्या कुणालाच माहीत नसतं.

म्हणून मी माझ्यापुरती दोन मापं केली आहेत. दोन्ही आपण लहानपणी गल्लीत शिकलो. पहिलं टाइमप्लीज. खेळता खेळता आईने हाक मारली, चपलेचा अंगठा तुटला, तहान लागली, की आपण "टॅम्प्लीज" म्हणून ओरडायचो आणि खेळ जागच्या जागी थांबायचा. परत आलो की तिथूनच सुरू. दुसरं भिडू. भिडू नसला तर डावच होत नाही. आणि भिडूंच्या मागे शेपटासारखं एक धाकटं भावंडं यायचंच, त्याला आपण कच्चा लिंबू म्हणून घ्यायचो. तो आउट झाला तरी आउट नाही, पण खेळात आहे.

हातात धरून खेळायचं मशीन, म्हणजे हॅण्डहेल्ड, टाइमप्लीज उत्तम देतं. टीव्हीला जोडायचा होम कन्सोल भिडू उत्तम देतो. बाकीची सगळी चर्चा यानंतरची.

ही दोन घराणी आपल्याकडे नवीन नाहीत. आमच्या काकांच्या शाळेच्या दिवसांत, नव्वदच्या दशकात, कॅसेट घालायचा व्हिडिओ गेम असायचा. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि परत खुपसायची. मशीनला दोन रिमोट. कंट्रोलर हा शब्द आमच्या घरात अजूनही आलेला नाही, रिमोटच म्हणतात. मारिओ असला तर एक मेला की दुसऱ्याचा डाव, आणि कॉन्ट्रा असला तर दोघांनी एकाच वेळी गोळ्या झाडत पुढे जायचं. त्याच काळात दोन पेन्सिल सेलवर चालणारा ब्रिक गेमही घरोघरी होता. वरून पडणाऱ्या विटा रचत बसायचं. काका सांगतात, तो गेम गोव्याच्या बसमध्ये, दवाखान्यातल्या रांगेत, लग्नाच्या मांडवात कुठेही चालायचा. पण कॅसेटचा गेम मात्र रविवारी दुपारी, सगळे जमले की निघायचा. दोन्हींची जागा ठरलेली होती. घोळ झाला तो नंतर, दोन्ही मशीनं महाग आणि जबरदस्त झाली तेव्हा.

हॅण्डहेल्डची बाजू आधी मांडतो, कारण विकत मी तेच घेतलं होतं.

हातातल्या मशीनचा इतिहास म्हणजे 'जास्त भारी' विरुद्ध 'जास्त उपयोगी' अशी लढाई आहे. १९८९ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने गेम बॉय आणला. गुनपेई योकोई या इंजिनियरच्या हाताखाली तो तयार झाला. योकोईंचं म्हणणं असं, की जुनं, स्वस्त झालेलं, सगळ्यांना कळलेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा नव्या तऱ्हेने उपयोग करावा. त्यामुळे गेम बॉयचा पडदा हिरवट, रंग नाही, मागून उजेड नाही. अंधारात खेळायचं तर दिव्याखाली बसा. पण चार पेन्सिल सेलवर तो तासन्‌तास चालायचा. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीने गेम गिअर आणला. रंगीत पडदा, मागून उजेड, बघायला देखणा. त्याला सहा सेल लागायचे आणि तीन ते पाच तासांत ते संपायचे. जिंकला गेम बॉय. त्याची रंगीत आवृत्ती धरून ११ कोटी ८० लाखांहून जास्त नग विकले गेले. पोरांच्या खिशात सेलला पैसे किती असतात, हे ज्याने ओळखलं त्याचं मशीन चाललं.

हा हिशोब आजही लागू आहे. सोनीचा पीएस फाइव्ह पहिल्यांदा आला तेव्हा डिस्कवाल्याचं वजन साडेचार किलो होतं. मोठा गेम चालू असताना तो साधारण २०० वॅट खातो. रोज दोन तास धरले तर महिन्याला १२ युनिट, टीव्हीचे वेगळे. निन्टेन्डोचा स्विच दोन्ही बाजूंचे रिमोट लावून ४०० ग्रॅमच्या आसपास. त्याची बॅटरी रोज एकदा पूर्ण भरली तरी महिन्याला युनिटभरही लागत नाही. आणि आमच्या खानापूर भागात हिशोब युनिटचा नाहीच, लाईट आहे की नाही याचा आहे. मिरग लागला की लाईटचा भरवसा नाही. एखादं झाड तारेवर पडलं की रात्र काळोखात. होम कन्सोल चालू असताना लाईट गेली, तर गेम जिथे सेव्ह झाला होता तिथून पुन्हा. टाइमप्लीज म्हणायलासुद्धा वेळ मिळत नाही. हॅण्डहेल्डचं बटण दाबा, ते झोपतं. चार तासांनी दाबा, मारिओ हवेत होता तर हवेतच असतो.

शिवाय मी टिळकवाडीत खोलीवर राहतो. तिघे जण, तीन गाद्या, एक टेबल, टीव्ही नाही. शनिवारी गावी, सोमवारी सकाळी परत. अशा माणसाने साडेचार किलोचं धूड घेऊन करायचं काय? म्हणून दीड वर्षापूर्वी मी १७ हजाराला एक वापरलेलं हॅण्डहेल्ड घेतलं. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे. टीव्हीला न जोडता येणाऱ्यातलं, कारण ते स्वस्त होतं आणि टीव्ही आहेच कुठे, असं मला वाटलं.

पहिला महिना स्वर्ग. सोमवारची बस, दोन तासिकांमधला मोकळा वेळ, मेसमधली रांग, सगळीकडे ते माझ्याबरोबर. मग लक्षात आलं की ते सगळीकडेच आहे. साडेदहाला घरमालक काका जिन्यातला दिवा बंद करतात. त्यानंतर पांघरुणात ते होतंच. कोणाला आवाज नाही, उजेड नाही, त्रास नाही. एकच लेव्हल म्हणता म्हणता दोन वाजायचे. टाइमप्लीज इतकं सोपं, की खेळ संपायचाच नाही. फक्त थांबायचा आणि परत चालू व्हायचा. पहिल्या इंटर्नलला केमिस्ट्रीत २५ पैकी ९ मिळाले. ते मी मशीनच्या माथी मारत नाही. पण मला अडवेल असं त्या मशीनमध्ये काहीच नव्हतं, हे खरं.

खरा धडा गणपतीच्या सुट्टीत मिळाला. माझी धाकटी बहीण सातवीत. मशीन बघून ती हरखली. आम्ही मेल्यावर डाव बदलायचा असं ठरवलं. मी तिच्यापेक्षा बरा खेळतो, त्यामुळे ती माझ्या खांद्यावरून त्या वीतभर पडद्यात बघत बसायची. "दादा, तुझं मरतच नाही की! मला कधी देणार?" मी म्हणायचो, "थांब, आता मरतो बघ." दुसऱ्या दिवशी तिने विचारणं सोडलं आणि शेजारच्या मैत्रिणीकडे खेळायला गेली.

त्याच संध्याकाळी पाऊस आला आणि लाईट गेली. आई, बाबा, आज्जी सोप्यात मेणबत्ती लावून बसले. बहीणही परत आली. आज्जी जुन्या पुराच्या गोष्टी सांगत होती, कुणीतरी हसत होतं. मी कोपऱ्यात, मशीन हातात. त्याला लाईट लागत नाही ना! बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझ्यापुरती लाईट आली म्हणायची."

मी मशीन बंद केलं. पण ते वाक्य काही बंद झालं नाही. लाईट गेली तरी चालतं, हाच गुण बघून मी ते घेतलं होतं.

दिवाळीत शहापूरला आत्याकडे गेलो. आत्तेभावाने जुना पीएस फोर घेतला आहे. २०१३ सालचं ते मॉडेल, वापरलेलं आणि स्वस्तात मिळालेलं. दोन रिमोट, फुटबॉलची एक डिस्क. हॉलमध्ये टीव्हीसमोर सतरंजीवर आम्ही सहा जण होतो. दोघं खेळणारे, चार सल्ला देणारे. जो हरेल त्याने उठायचं. माझ्या बहिणीला बटणं माहीत नव्हती, म्हणून तिला कच्चा लिंबू केलं. तिने गोल खाल्ला की तो धरायचा नाही. तासाभरात तिने मला खराखुरा गोल मारला आणि कच्चा लिंबू राहायला नकार दिला. आत्या स्वयंपाकघरातून येऊन विचारून गेली, "निळे आपले का पांढरे?" साडेसहाला आत्याने सांगितलं, आता मला बातम्या लावू दे. खेळ संपला. कुणी कुरकुर केली नाही, कारण टीव्ही सगळ्यांचा होता.

तिथे मला कळलं की होम कन्सोलची जी गैरसोय आहे, तीच त्याची वेसण आहे. वायरी लावा, टीव्ही मोकळा व्हायची वाट बघा, सगळ्यांसमोर बसा. आई फराळाचा डबा वरच्या फळीवर ठेवते. आपला हात तिथे पोचत नाही असं नाही. पण स्टूल आणायला लागतं, आणि स्टूलचा आवाज होतो.

होम कन्सोलच्या अडचणीही सांगायला हव्यात. आजकाल डिस्क आणली की लगेच खेळ सुरू, असं होत नाही. मोठे गेम आधी मशीनमध्ये भरून घ्यावे लागतात आणि वर दहा-वीस, कधी पन्नास जीबीचे अपडेट. शहरात फायबर असेल तर ठीक, गावात फोनच्या डेटावर हे करायला बसलात तर रिचार्ज संपेल. आणि 'डिजिटल' शब्दाला भुलू नका. पीएस फाइव्ह २ फेब्रुवारी २०२१ला भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना आणि बिनडिस्कचा ३९,९९० रुपयांना होता. दहा हजार वाचले असं वाटतं. पण कंपनीचा नवा मोठा गेम पाच हजारांपर्यंत जातो. डिस्क असेल तर ती खेळून झाल्यावर विकता येते, मित्राच्या डिस्कशी बदलता येते. पुस्तक जसं वर्गात फिरतं तशी डिस्क फिरते. बिनडिस्कच्या मशीनवरचा गेम तुमच्या खात्याला चिकटलेला. तो ना उसना देता येत, ना जुन्या बाजारात विकता येत. एक्सबॉक्स सिरीज एसचंही तेच, त्यालाही डिस्कची खाच नाही. विद्यार्थ्याने घ्यायचं तर डिस्क किंवा कॅसेट चालणारं मशीनच घ्यावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

मधला मार्ग नाही का? आहे. मार्च २०१७मध्ये आलेला स्विच हाच मधला मार्ग. बसमध्ये हातात, घरी आलं की डॉकमध्ये ठेवून टीव्हीवर, आणि दोन बाजूंचे रिमोट सुटे करून दोघांच्या हातात एकेक. टाइमप्लीजही आहे आणि भिडूही. ताकदीने तो त्याच्या वेळच्या टीव्हीवाल्या मशीनांपेक्षा कमी होता, तरी जगभर पंधरा कोटींच्या वर विकला गेला. योकोईंचा जुना हिशोब पुन्हा खरा ठरला. पण घेताना नावं नीट वाचा. २०१९मध्ये आलेला स्विच लाइट दिसायला त्याचा भाऊ, पण तो टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे रिमोट सुटत नाहीत. सोनीचा प्लेस्टेशन पोर्टल हातातलं मशीन दिसतो, पण मुळात तो घरातल्या पीएस फाइव्हवरचा खेळ वाय-फायवरून दाखवणारा पडदा आहे. आणि निन्टेन्डोची मशीनं आपल्याकडे बहुतेक बाहेरून मागवणाऱ्या दुकानांतून मिळत आली आहेत. म्हणजे बिघडलं तर वॉरंटी कोण देणार, हे पैसे देण्याआधी विचारा. हॅण्डहेल्डची काडी, म्हणजे अंगठ्याने फिरवायचा तो दांडा, झिजून आपोआप एका बाजूला सरकायला लागतो, ही सर्रास तक्रार आहे. रिमोट सुटा असेल तर तो एक बदलता येतो. अंगचाच असेल तर अख्खं मशीन उघडायला लागतं.

दोन आक्षेप मला रूमवर ऐकायला मिळाले. पहिला असा, की फोन आहे ना सगळ्यांकडे, मग कन्सोल कशाला? फोनवर गेम फुकट मिळतात हे खरं, पण बरेचसे फुकट गेम संपू नयेत म्हणूनच बनवलेले असतात. मध्येच जाहिरात, मध्येच "शंभर रुपये भरा आणि पुढे जा". पैसे देऊन घेतलेल्या चांगल्या गेमला पुस्तकासारखा शेवट असतो. ज्याला हा फरक महत्त्वाचा वाटत नाही, त्याने खुशाल फोनवर खेळावं आणि पैसे बँकेत ठेवावेत. यात मी चेष्टा करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. रूममेट म्हणाला, "लेका, दोष मशीनचा नाही, तुझा आहे. मीही हॅण्डहेल्डवर खेळलोय, मी अकराला झोपतो." मान्य. ज्याला स्वतःला टाइमप्लीज म्हणता येतं, त्याला हॅण्डहेल्डसारखी सोय नाही. रोज दोन तास प्रवास करणाऱ्याला, रात्रपाळीच्या नोकरीत जेवणाच्या सुट्टीत एकटं बसणाऱ्याला, दवाखान्यात कुणाच्या उशाशी रात्री काढणाऱ्याला ते खरंच सोबत करतं. त्याला भिडू मिळणारच नसतो. माझं म्हणणं फक्त एवढंच की मशीन निवडण्याआधी स्वतःला ओळखावं, आणि मला ते १७ हजार देऊन ओळखावं लागलं.

तेव्हा माझं मत असं. घरी राहता, भावंडं आहेत, तर डिस्क चालणारा जुना होम कन्सोल घ्या आणि दुसऱ्या रिमोटचे पैसे पहिल्या दिवसापासून धरा. एका रिमोटचा होम कन्सोल म्हणजे न हलणारं हॅण्डहेल्ड. खोलीवर राहता, प्रवास फार आहे, तर हॅण्डहेल्ड घ्या, पण टीव्हीला जोडता येईल आणि रिमोट सुटे होतील असंच, मग चार-पाच हजार जास्त गेले तरी चालतील. आणि कुणाबरोबर खेळणार याचं एकही नाव सुचत नसेल, आणि झोपही धड होत नसेल, तर सध्या काहीच घेऊ नका.

मी माझं मशीन मे महिन्यात १२ हजाराला विकलं. त्यात थोडी भर घालून गावी जुना होम कन्सोल आणला. दोन रिमोट, सात ते नऊ बंद. बसमध्ये अजूनही हाताला चुकल्यासारखं होतं, हे लपवत नाही.

पहिल्या वर्षाच्या त्या मुलाला दुसऱ्या दिवशी मी आधी विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हणाला, दोन धाकटे भाऊ, आई, पप्पा, टीव्ही एक. मी म्हटलं, "मग टीव्हीवालं घे, वापरलेलं बघ, दोन रिमोट घे, आणि घरीच ठेव. इकडे खोलीवर आणू नको." त्याचं तोंड उतरलं. "मग आठवडाभर इथे काय करू, दादा?"

आपल्या कॉमन रूममध्ये कॅरम आहे. त्यातली राणी हरवली आहे. आम्ही दोघं त्याच दुपारी खडेबाजारात जाऊन सोंगट्यांचा नवा संच घेऊन आलो. दोन भिडू अजून कमी पडतायत.